मधून धरलेली पात

सासूचा उजवा अंगठा त्या हंगामात कामातून गेला. दिसायला जागच्या जागी होता, पण विळ्याची मूठ त्याला पेलवेना. मनगटापासून सूज चढायची. पहाटे ती चुलीपुढे बसून फडकं गरम करायची आणि हात शेकायची. सून पीठ मळता मळता तिरक्या नजरेने बघायची. विचारायची सोय नव्हती, कारण सासू सकाळी बोलत नसे.

हा तिचा नेम होता. मुलगा लहानपणी मोठ्या तापातून उठला तेव्हा धरलेला. डोळे उघडल्यापासून शेतात पहिलं पाणी पिऊन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. "सकाळ देवाची, मग उरलेला दिवस माणसांचा," एवढंच ती त्याबद्दल सांगे. तो मुलगा आता मिशीवाला गाडीवान झाला होता, तरी नेम चालूच होता. टोळीतल्या बायकांना त्यात सुनेचं भाग्य दिसे. "अर्धी सकाळ मुकी सासू! कुठे नवस बोलली होतीस गं? आम्हालाही पत्ता दे."

अडलं तर सासू खुणा करी. एक टाळी म्हणजे पाणी. डोक्यावर हात म्हणजे पेंढ्या उचला. आणि रेंगाळणाऱ्या बाईच्या पुढ्यात मातीचं ढेकूळ येऊन पडलं की समजायचं, हात सैल पडलाय, उरक. टोळीत पोक्त झालेल्या बायकासुद्धा त्या ढेकळाला वचकून असत.

गव्हाच्या कापणीला बायका ओळीने बसतात. जिच्यापुढे पिकाचा जो पट्टा येतो ती तिची पात. पहिली पात धरणारीच्या वेगाने सगळी ओळ चालते. ती उठली की उठते, ती बसली की बसते. इतकी वर्षं ती पात सासूची होती.

त्या सकाळी रस्त्याकडच्या लहान शेताच्या बांधावर मुकादम उभा होता. नात्याने सासूचा चुलतदीर.

"वहिनी, हात बघू," तो म्हणाला.

सासूने हात पदराखाली घेतला.

"राहू द्या. दिसतोय मला." तो ओळीकडे वळला. "पहिली पात सून धरेल. मालकिणीच्या या दोन शेतांपुरती. हे लहान आणि ओढ्याकडचं मोठं. मग बघू."

"मग काय बघायचं, मुकादम?" शिडीने विचारलं.

शिडी दुसऱ्या पातीला असायची. उंच, काटक, बसली तरी शेजारणीपेक्षा वीतभर वर दिसे म्हणून तिला ते नाव पडलं होतं, आणि तिने ते दागिन्यासारखं घातलं होतं.

"नाही जमलं तिला, तर तू आहेसच की."

"आहेच. शिडी कुठे जाते? भिंतीला टेकलेली असते बिचारी. कधीतरी कुणाला तरी चढावंसं वाटतंच."

बायका हसल्या. सुनेने विळ्याची धार नखावर बघितली. पहिल्या पातीच्या घराला मुकादम पुढच्या शेतावर आधी बोलावी. शेवटच्या घरांना, शेत लहान असलं तर, बोलावणंच येत नसे. सासूचा हात गेला. आता ही पात गेली तर घर ओळीच्या शेपटाला जाणार. दोघींनाही ते ठाऊक होतं, आणि सकाळ असल्यामुळे दोघीही गप्प होत्या.

सून बसली. डाव्या हाताने मूठ, उजव्या हाताने ओढ. मूठ, ओढ. कापलेली ताटं डावीकडे आडवी. मागे सासू पेंढ्या बांधायला होती. ताटांचाच पीळ घालून, दुखरा हात कोपराने सावरत, ती गाठ मारी. कुसळं गळ्यात शिरत होती. ऊन अजून वर आलं नव्हतं तरी पाठीवर ओल फुटली होती. यंदा ऊन लवकर आलं होतं. गेल्या साली पण लवकरच आलं होतं.

सुनेच्या पुढ्यात ढेकूळ येऊन पडलं.

तिचे कान तापले. पहिल्याच सकाळी! शिडीने बघितलं असणार. सुनेने मान खाली घातली आणि हात उचलला. मूठ, ओढ, मूठ, ओढ. दुसरं ढेकूळ पडलं, पहिल्यापेक्षा जवळ, जवळजवळ विळ्यावरच. ती आणखी जोरात सुटली. आणि तिसऱ्या ओढीला विळ्याला काहीतरी लागलं, ताटासारखं कडक नव्हतं ते.

मुठीत गहू होता आणि गव्हात पिसं होती. एक लावरी. मातीच्या रंगाची, मुठीएवढी. ती उडाली नव्हती, कारण तिच्याखाली अंडी होती. विळ्याखाली येईपर्यंत ती बसून राहिली होती.

सुनेने मागे बघितलं. सासू उभी होती, तिसरं ढेकूळ हातात घेऊन. तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"काय झालं गं?" शिडी ओरडली.

"काही नाही."

"काही नाही तर चल ना. पहिली पात आहे का खाट आहे ती?"

सुनेने पक्षी कापलेल्या ताटांखाली झाकला. अंड्यांना हात लागला तेव्हा ती कोमट होती. मग ती पुढे सरकली. सरकावंच लागलं, मागे ओळ होती.

दुपार टळल्यावर शेताच्या मधोमध अंगणाएवढा गहू उरला. नेहमी असाच उरायचा. चारी कडांनी कापत आत यायचं, म्हणजे शेतातलं सगळं जिवंत त्या शेवटच्या तुकड्यात गोळा होतं. मग विळे खाली ठेवून काठ्या घ्यायच्या आणि घेर धरायचा. कापणीतली तेवढीच मौज. ससे बाहेर उडी मारत, पाखरं पायापायाने धावत, काठ्या पडत, हशा पिकत असे. संध्याकाळी ज्याच्या त्याच्या पातेल्यात वाटा. सासूच्या घरी वाटा घेत नसत, पण घेरात उभं राहणं चुकत नसे. गाडीवानाचा नेम दरवेळी चुके. "माझी काठी सशाला बघून लाजते," तो म्हणे, आणि लोक त्याला हसत, आणि त्याचं काही जात नसे.

त्या दिवशी दोन ससे मिळाले. एक इतका लहान होता की मुकादमाने तो कानाला धरून उचलला आणि विचारलं, "याच्यात वाटा कुणाचा?"

"शेपटी मला द्या," शिडी म्हणाली.

संध्याकाळी सून घर झाडत होती. सासू उंबऱ्याशी बसली होती, हात मांडीवर उताणा ठेवून. तिचं बोलणं सकाळीच सुटलं होतं, पण दिवसभर ती फारशी बोलली नव्हती.

"मी ढेकूळ टाकलं ते थांब म्हणून," ती शेवटी म्हणाली.

झाडू थांबला. "मला वाटलं, उरक म्हणून."

"उरक म्हणूनच असतं ते. तुझं काय चुकलं? इतकी वर्षं एकच शिकवलं तुम्हाला." ती थोडा वेळ बोटं मिटत-उघडत राहिली. "मागून मला दिसत होती ती. तू ताट ओढलंस की तिची मान हलायची. एक शब्द टाकला असता तर."

"आई, तुमचा नेम."

"हो. नेम."

गाडीवान बैलांना पाणी पाजून आला आणि भिंतीला टेकला. आईच्या चेहऱ्याकडे बघून त्याने घेराची थट्टा तोंडातच ठेवली.

"मी या घरात आले तेव्हा," सासू म्हणाली, "गव्हाला विळा लागायचा तोवर यांची पिल्लं पायाखालून पळायची. मोकळी झालेली असायची ती. आता ऊन आधी येतं. गहू आधी वाळतो. पाखराला कोण सांगणार, की बाई, यंदा घाई कर म्हणून? ती आपली तिच्या वेळेला बसते आणि आपण तिच्या बसण्यात जातो."

"पण ससे तरी पळतात ना," गाडीवान म्हणाला. "पाय आहेत त्यांना."

"पळतात कुठे? आत. आणि आत आपण असतो, काठ्या घेऊन."

सून पुन्हा झाडायला लागली. माठाखाली ओलाव्याला एक बेडूक राहत असे; रोज संध्याकाळी झाडूच्या आवाजाने तो निघे आणि टुणटुण उड्या मारत दारातून अंगणात जाई. आजही तो माठाखालून निघाला, झाडूच्या पुढे पुढे उंबऱ्यापर्यंत गेला आणि सासूच्या पायाशेजारून बाहेर पडला. सून बघत राहिली.

"आई, आपण घर कोपऱ्यातून दाराकडे झाडतो."

"मग? दारातून कोपऱ्यात झाडतात का कुठे?"

"शेत तसंच झाडतो आपण. दारातून कोपऱ्यात."

सासूने वर बघितलं. गाडीवानाने आधी बेडकाकडे बघितलं, मग बायकोकडे. "म्हणजे मधून सुरू करायचं? आणि मधे जायचं कसं, उडून? उभा गहू तुडवलास तर मालकीण तुलाच पेंढीत बांधेल."

"ओढ्याकडच्या शेतात पाण्याचा दांड आहे. मधोमध जातो. आता कोरडाच असतो. त्यातून चालत गेलं तर एक ताट मोडणार नाही."

"आणि माझी गाडी? तीही दांडातून?"

"गाडी बांधावर उभी करा. पेंढ्या डोक्यावरून आणू."

"कोण आणू?"

"मी आणीन," सासू म्हणाली. "डोकं काही दुखत नाही माझं."

ओढ्याकडच्या शेतावर दुसऱ्या दिवशी सुनेने मुकादमाला बाजूला घेतलं. बाजूला घेतलं म्हणजे चार पावलं; बायका कान टवकारून होत्याच.

"मामंजी, आज मधून कापू या. दांडातून आत जाऊन दोन्ही बाजूंना बाहेर कापत यायचं."

मुकादमाने तंबाखूची चिमूट ओठाजवळ नेली होती. ती तशीच राहिली. "शेताला मधेच टक्कल पाडायचं? कशासाठी?"

सुनेने सांगितलं. लावरीचं सांगताना तिचा आवाज लहान झाला.

"आणि घेराचं काय?" शिडीने लगेच विचारलं.

"मधून कापलं तर घेर होणार नाही. सगळी कडेला जातील, बांधावर, ओढ्यात."

"म्हणजे आमच्या पातेल्यावर झाकण. आणि बाईंच्या घरी वाटा घेत नाहीत, म्हणून बाईंना पुण्य!" ती ओळीकडे वळली. "ऐकलंत का गं? आज रात्री पाण्याला फोडणी द्या."

बायका हसल्या, पण या हसण्यात कालची मौज नव्हती. सुनेला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. तिने सासूकडे बघितलं. सासू सकाळच्या मौनात उभी होती, हात जोडल्यासारखे पोटाशी धरून. मदत कुठूनच येणार नव्हती.

"पहिली पात माझी आहे," सून म्हणाली. "दोन शेतांपुरती. तुम्हीच म्हणालात."

मुकादमाने चिमूट तोंडात टाकली आणि ती जागेवर बसेपर्यंत विचार केला. "बरं. उद्या सूर्य मावळायच्या आत शेत मोकळं पाहिजे. ओंब्या झडायला लागल्यात, मालकीण रोज येऊन कणीस हातावर चोळून बघते. उशीर झाला किंवा तिने तोंड वाकडं केलं, तर पात शिडीची."

"मला चालेल," शिडी म्हणाली. "मला दोन्हीकडून चालेल."

एकामागोमाग त्या दांडातून आत गेल्या. दोन्ही बाजूंना गहू छातीला लागत होता. मधे पोचल्यावर बायकांना काय करावं कळेना; जन्मभर त्यांनी बांधाला पाठ लावून सुरुवात केली होती. इथे पाठीमागेही गहू, पुढेही गहू. "बाई, हरवल्यासारखं वाटतंय," एकीने म्हटलं, "हाक मारत राहा गं कोणीतरी." सुनेने निम्म्या जणींना ओढ्याकडे तोंड करून बसवलं, निम्म्यांना रस्त्याकडे. पाठीला पाठ. मग मूठ आणि ओढ.

सकाळ वाईट गेली. सवय मोडल्यामुळे पाती वाकड्या झाल्या. पेंढ्या डोक्यावरून नेताना दांडात पाय अडखळत. सासू वाकलेल्या मानेने येरझारा घालत राहिली. दुखरा हात लोंबता, चांगल्या हाताने पेंढी धरलेली. गाडीवान बांधावरून ओरडे, "या, या, आणखी एक आली! माझे बैल झोपले वाट बघून." ससे दिसत नव्हते. पाखरंही दिसत नव्हती. शिडी मधूनच विळा थांबवून कपाळावर हात धरी. "कुठे आहेत गं तुझे पाहुणे? दर्शन तरी द्या म्हणावं, उपाशी राहायचंय त्यांच्यापायी."

मग ऊन डोक्यावर आलं. या वेळेला दरवर्षी ओळ शेताच्या पोटात असायची, सावली कुठेच नाही, माती पायाला भाजणारी. आता ओढ्याकडच्या बायका वर बघतात तो समोर बांधावरची झाडं. सावली गव्हावर हातभर पुढे आलेली. शिडीची पात सगळ्यांत आधी तिथे पोचली. सावलीत बसून कापताना तिने पदर मानेवरून काढला आणि खांद्यावर टाकला.

संध्याकाळी रस्त्याकडची बाजू मोकळी झाली, ओढ्याकडे बांधालगत पट्टा उरला. गाडीवानाने पेंढ्यांवर पेंढ्या रचल्या आणि उतरत्या उन्हात तो एकदम थबकला. त्याने काठीने बांधाकडे दाखवलं. गवतातून तीन ससे, एकामागे एक, घाई न करता ओढ्यात उतरत होते. पाणी प्यायला निघालेल्या माणसांसारखे.

"माझी काठी लाजली बरं का," तो सुनेला हळूच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळीच वारा सुटला. गरम, कोरडा. ओंब्या एकमेकींवर घासून खरखरत होत्या. हात लागला की दाणा गळत होता. मालकीण उजाडताच येऊन बांधावर उभी होती, डोक्यावर छत्री, पायात भक्कम वहाणा. तिच्या गड्याने बांधाच्या टोकाला वाळलं गवत गोळा करून ठेवलं होतं. गहू निघाला की ती दरवर्षी बांध जाळून घेई. साफ दिसतो म्हणून.

"हात चालवा गं," ती म्हणाली. "वारा माझा गहू मातीत पेरत चाललाय."

सून पहिल्या पातीला होती. शिडी शेजारी, आज चेष्टा न करता, दात आवळून कापत होती. उरलेला पट्टा दुपारपर्यंत संपला असता, आणि दोघींनाही ते दिसत होतं. सुनेला रात्री झोप नव्हती; पण हात चालले होते, आपोआप, घरंगळल्यासारखे. पात आपल्याच घरात राहणार असं तिला पहिल्यांदा वाटलं. मूठ, ओढ. मूठ, ओढ.

"सूनबाई, थांब!"

विळा हवेत राहिला. ओळीतल्या सगळ्या जणी उठून उभ्या राहिल्या. पहिलं पाणी अजून झालं नव्हतं. त्या वेळेला तो आवाज कुणीही, कधीही ऐकला नव्हता. गाडीवानाने तर लहानपणापासून नाही. तो गाडीवरून उडी मारून धावत आला. त्याला वाटलं, आईला काहीतरी चावलं.

सासू पेंढी सोडून उभी होती. तिने बोट दाखवलं.

सुनेच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, चार ताटांच्या आडोशाला, लावरी बसली होती. डोळा गोल, उघडा. पंख किंचित पसरलेले. पळणारे सगळे कालच बांधावर गेले होते. अंड्यांवर बसलेलीला कुठे जाता येतं?

"उठवा तिला," मालकीण बांधावरून म्हणाली. "हुश म्हटलं की उडेल."

"उडेल, बाई. पण अंडी उडणार नाहीत," सून म्हणाली.

ती उठली. मातीने भरलेल्या हातांनी तिने त्या जागेभोवती चार पेंढ्या आणून उभ्या केल्या. खाटेएवढा तुकडा झाला. मग ती मालकिणीसमोर जाऊन उभी राहिली.

"एवढा तुकडा राहू द्या. पिल्लं चालायला लागली की मी येऊन कापून देते, झोडपून, पाखडून. मजुरी नको. आणि यंदा बांध जाळू नका. सगळी तिथेच जाऊन बसलीत. आम्हीच घालवलंय त्यांना तिथे."

मालकिणीने छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आता मजुरीण सांगणार, मी माझ्या बांधाचं काय करायचं?"

"सांगत नाही. मागतेय."

वाऱ्याने ओंब्या खरखरत होत्या. मालकिणीने बांधाकडे बघितलं, मग सासूकडे. सासूला ती तरुणपणापासून ओळखत होती. "तुम्ही सकाळी बोललात," ती म्हणाली, जणू तेच सगळ्यांत मोठं नुकसान होतं.

सासूने मान हलवली.

"राहू दे तुकडा," मालकीण म्हणाली. "आणि ते गवत न्या रे, बैलांना घाला. नंतर बघू बांधाचं." ती वळली आणि जाता जाता मुकादमाला म्हणाली, ऐकू जाईल अशा बेताने, "तुमच्या टोळीत हल्ली मुकादम कोण आहे, ते कळवत जा."

मुकादमाचे कान लाल झाले. मालकीण लांब जाईपर्यंत तो थांबला. "शेत वेळेत होईल," तो सुनेला म्हणाला, "त्याबद्दल म्हणणं नाही. पण मालकाशी सौदे करणारी पहिली पात मला नको. उद्यापासून शिडी."

सून परत येऊन बसली. उरलेला पट्टा तिने तसाच कापला, वाकडी पात न होऊ देता. शिडीने एकदा तिच्याकडे बघितलं आणि आपला पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. "पी. चेहरा बघ तुझा, भाजलेल्या वांग्यासारखा झालाय."

त्या संध्याकाळी सासू जेवली नाही. गाडीवानाने वातावरण हलकं करायला म्हटलं, "आई, देवालाही बरं वाटलं असेल. म्हणाला असेल, हिला आवाज आहे म्हणायचा!"

सासू हसली, थोडीशीच. "नेम मोडला तो मोडला. उद्या पूर्ण दिवस पाळीन, दिवा लागेपर्यंत."

"आई, माझ्यामुळे," सून म्हणाली. "नेमही गेला आणि पातही."

"बोलायचं नाही, एवढंच कबूल केलं होतं मी देवाला," सासू म्हणाली. "बघायचं नाही, असं नव्हतं केलं." मग दुखरा हात पुढे करून म्हणाली, "शेकून दे जरा. डाव्या हाताने नीट जमत नाही." याआधी तिने तो हात कुणाला धरू दिला नव्हता.

पुढचं शेत टेकडीच्या पायथ्याशी होतं, दुसऱ्या मालकाचं. बोलावणं आलं, पण शेवटी आलं. सासू-सून पोचल्या तेव्हा ओळ उभी होती आणि सुनेला टोकाची पात मिळाली. शिडी सगळ्यांच्या पुढे, कमरेवर हात ठेवून बांधावर उभी होती. मुकादमाने खूण केली, धर. ती बसली नाही. तिने शेत डावीकडून उजवीकडे बघितलं. मग पदर खोचला आणि याही शेतातून गेलेल्या कोरड्या दांडातून आत चालायला लागली.

"अगं, कुठे?" मुकादम ओरडला.

"मधे."

"तुलाही पाखरांचा पुळका आला का?"

"पाखरांचं मला सांगू नका," शिडी मागे न बघता म्हणाली. "दुपारी माणूस सावलीला पोचतं. पहिली पात माझी आहे ना? मग या मागे."

बायका एकमेकींकडे बघून तिच्या मागे निघाल्या. सून सगळ्यांत शेवटी होती आणि तिच्याही मागे सासू, आज दिवसभरासाठी मुकी.

शिडीने वेग चांगला धरला. सुनेपेक्षा चांगला, हे सुनेला मान्य करावं लागलं. टोकाच्या पातीला वाराही कमी होता आणि बघणारंही कुणी नव्हतं. ती आपल्या चालीने कापत राहिली. ऊन वर आलं. पहिलं पाणी झालं. सगळ्या बोलत होत्या, एक जण सोडून.

मग ढेकूळ येऊन पडलं. सुनेच्या पुढ्यात नव्हे, तर लांब, ओळीच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या पातीच्या तोंडाशी.

चार दिवसांपूर्वी शिडीने दात आवळून हात उचलला असता. आज तिचा विळा जागच्या जागी थांबला. तिच्या शेजारणीचा थांबला, मग तिच्या शेजारणीचा, आणि थांबत थांबत ते थांबणं टोकाच्या पातीपर्यंत आलं. बोलणं बंद झालं. सगळ्या जणी विळे गुडघ्यावर ठेवून, मान पुढे काढून, समोरच्या उभ्या गव्हात बघत होत्या.